कीरल

पोटासाठी मी वस्तू तोडतो. कुंभकोणमच्या एका पॉलिटेक्निकमध्ये धातूंच्या चाचण्यांची प्रयोगशाळा आहे, तिथे मी एकतीस वर्षं इन्स्ट्रक्टर आहे. सळई मशीनच्या दोन जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ओढायची आणि ती कशी तुटली ते मुलांना दाखवायचं, हे माझं काम. साधं पोलाद फार सभ्य असतं. आधी ते लांबतं, मग मधोमध त्याची कंबर बारीक होते, आणि काय ते समजायला आपल्याला तेवढा वेळ मिळतो. ओतीव लोखंड असलं काही करत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत जसंच्या तसं दिसतं आणि मग काडकन दोन तुकडे. प्रत्येक नव्या वर्गाला मी हे दोन्ही प्रकारचे तुकडे हातात देतो आणि सांगतो की पहिल्याला घाबरू नका, दुसऱ्याला घाबरा.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस घरी कसा वागेल ते सांगायला नको. मी पेला उचलला की आधी बोटाने वाजवतो. कोणाच्या घरी गेलो की पाहुणचाराआधी माझी नजर छताकडे जाते. एकदा आमचे जावई जेवायला बसले होते, त्यांना मी अर्ध्या पानावरून उठवलं, कारण पंख्याच्या दांड्यावर मला बारीक रेघ दिसली होती. ते कोळ्याचं जाळं निघालं. दुसऱ्यांदा एका मंगल कार्यालयात सज्जाखालची सगळी मंडळी हलवली, तर भेग म्हणून मी जी दाखवत होतो ती जुन्या रंगाची कड होती. तेव्हापासून घरात माझं नाव ‘कीरलवाला’ पडलं. माझी बायको हे नाव चारचौघांतसुद्धा घेते.

या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यापायी झाला. आमच्या घरात बोलतात ती मराठी तंजावरच्या राजांच्या वेळेला इकडे आलेली. पुण्याचे पाहुणे ती ऐकून गालात हसतात, पोथी वाचल्यासारखं वाटतं म्हणतात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आम्ही तमिळ बोलतो, आणि इतक्या पिढ्यांत तमिळचे कितीतरी शब्द आमच्याबरोबर घरात शिरले. कीरल त्यातलाच. डब्यावर ओरखडा उठला तर कीरल, भिंतीला भेग पडली तर कीरल, आरशाला तडा गेला तरी कीरलच. तमिळ माणूस मात्र दोन शब्द वापरतो. वरवरचा ओरखडा तो कीरल, आत उतरलेला तडा ती विरिसल. आमच्या घराने त्यातला एकच उचलला आणि दोन्ही कामांना लावला. माझं यात कधी काही अडलं नाही.

आमची एकुलती एक लेक बंगळूरला असते. या वर्षी तिला सातवा महिना लागला तेव्हा बायकोने झोपाळ्याचा विषय काढला. आमच्याकडे सातव्या महिन्यात मुलीला झोपाळ्यावर बसवून ओटी भरतात, आणि इथल्या लोकांचं बघून हातभर काचेच्या बांगड्याही भरतात. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तरी बायको झोपाळा म्हणाली आणि मी विषय बदलला.

कारण तीन वर्षांपूर्वी लेकीला पाचवा महिना होता. तपासण्या चांगल्या होत्या, डॉक्टर समाधानी होते, आणि एका सकाळी सगळं संपलं. कसली पूर्वसूचना नाही, दुखणं नाही. त्या आठवड्यात ओतीव लोखंडाचा प्रयोग मी दुसऱ्याला घ्यायला लावला. मग ती दोन महिने आमच्याकडे येऊन राहिली. दिवसभर हॉलमधल्या झोपाळ्यावर बसायची. बोलायची नाही, वाचायची नाही. मी कॉलेजातून आलो की तिच्या मागे उभा राहून झोपाळा हळूहळू ढकलत असे. तिच्या समोर बसून काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. मागून ढकलणं तेवढं जमत होतं.

म्हणून बायकोला हाच झोपाळा हवा होता. ‘ज्या फळीवर बसून ती रडली, त्याच फळीवर तिला हंसतांना मला पाहायचें आहे,’ असं ती म्हणाली.

समारंभ शुक्रवारी ठरला. त्याआधीच्या शनिवारी आम्ही साखळ्या पॉलिशला द्यायला उतरवल्या. पितळेच्या चार साखळ्या, एकेकीला अकरा कड्या, कडी करंगळीएवढी जाड. त्या माझ्या आईच्या, तिरुवलंचुळी गावच्या घरातल्या. आई गेल्यावर ते घर विकलं, पण साखळ्या मी आणल्या. सवयीप्रमाणे प्रत्येक कडी उजेडात फिरवून बघत होतो, आणि एका कडीच्या वळणावर, आतल्या बाजूने, केसाएवढी काळी रेघ दिसली. नख फिरवलं तर किंचित अडकलं. मी त्या कडीला देवघरातला लाल दोरा बांधून ठेवला.

रविवारी सकाळी मला परीक्षेच्या तयारीला जायचं होतं. चपला घालता घालता मी बायकोला म्हणालो, ‘लाल दोऱ्याच्या कडीला कीरल आहे. पॉलिशवाल्याला नीट दाखीव.’

तिने नीट दाखवलं. आमच्या पॉलिशवाल्याचं दुकान भांड्यांच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, बाप-आज्यापासून पितळेचं काम करतो, माणूस चांगला. बायकोने दोऱ्याची कडी त्याच्या हातात दिली आणि तमिळमध्ये सांगितलं की हिला कीरल आहे, तेवढं बघा. त्याने बघितलं. सोमवारी साखळ्या घरी आल्या त्या अशा झळझळीत की हॉलमध्ये दिवा लावल्यासारखं झालं. दोरा नव्हता. रेघही नव्हती.

‘घांसून काढली म्हणे त्यानें,’ बायको म्हणाली. ‘आतां कीरल नाहीं, कांहीं नाहीं. झालें कीं समाधान?’

मी चव्वेचाळीस कड्यांकडे बघत जमिनीवर बसलो. त्यातली ती कोणती, ते मला आता सांगता येत नव्हतं.

चरखीवर कापड फिरवून पितळ घासली की वरचा पातळ थर सरकतो आणि तड्याचं तोंड लिंपून टाकतो. तडा आत तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी हातपाय हलवले. एकेक कडी दोऱ्याला टांगून लाकडी हातोडीने वाजवली. तडकलेली वस्तू बद्द वाजते. चव्वेचाळीस कड्यांपैकी मला एकदा पाच बद्द वाटल्या, दुसऱ्यांदा तीन, आणि त्यातली दोन्ही वेळा आलेली एकच. तिसऱ्यांदा तीही खणखणीत वाजली. मग रॉकेल आणून कड्या त्यात भिजवल्या, पुसल्या, वरून खडूची पूड भुरभुरवली. तड्यात शिरलेलं रॉकेल पाझरून पुडीवर ओली रेघ उमटते, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मी तासभर चष्मा लावून वाट बघितली. पूड कोरडी ठणठणीत राहिली, आणि घरभर रॉकेलचा वास सुटला म्हणून मला बोलणी खावी लागली.

त्या वासानेच मला दुसरा वास आठवला असावा. तिरुवलंचुळीच्या घरी हा झोपाळा मागच्या पडवीत टांगलेला असे, आणि पडवीला लागून गोठा होता. दुपारी वारा पडला की गोमूत्राचा असा उग्र दर्प यायचा की आम्हा पोरांच्या डोळ्यांत पाणी येई. आई म्हणायची, सर्दीला चांगलें. मी दर वर्षी मुलांना शिकवतो की ठोकून आकार दिलेल्या पितळेच्या अंगात ताण उरतो. ती पुन्हा तापवून तो घालवावा लागतो. न घालवता तशीच ठेवली आणि तिला गोठ्यातला अमोनिया लागत राहिला, तर वर कसलाही भार नसताना ती आतून तडकत जाते. एरवी पितळ समजूतदार आहे, वाकून दाखवल्याशिवाय मोडत नाही. पण अशी तडकलेली पितळ ओतीव लोखंडासारखी वागते. हा धडा मी तीस वेळा तरी शिकवला असेन. त्या तीस वर्षांत आईची पडवी मला एकदाही आठवली नाही.

मंगळवारी सकाळी लेक आली. स्टेशनवर तिला उतरताना पाहिलं आणि मला भडभडून आलं. चेहरा भरला होता, पाय सुजले होते, आणि ती पायरीवरून उतरताना आधी एक पाय, मग थांबून दुसरा, असा टाकत होती. घरी आल्याबरोबर तिने टांगायच्या बाकी असलेल्या साखळ्या बघितल्या, बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘अम्मा, केवढ्या लखलखतात.’ मग बसली ती साध्या खुर्चीवर. मला ते बरं वाटलं आणि मी त्यावर पुढे विचार केला नाही.

दुपारी मी पॉलिशवाल्याकडे गेलो. त्याला विचारलं की दोऱ्याच्या कडीचं काय केलंत. त्याने मशीन बंद केलं आणि शांतपणे सांगितलं की अम्मा कीरल म्हणाल्या, मी कीरल काढला. दोरा तेलकट झाला तो टाकून दिला. मी म्हणालो, अहो ती आत गेलेली होती. त्याने हात पुसले. मग म्हणाला, ‘सार, विरिसल असं कोणी म्हटलं असतं तर मी तिला चाकाला लावली असती का? कापून नवी कडी घातली असती.’

चूक त्याची नव्हती. वर्गात मुलांनी वाकणं आणि मोडणं यांत घोटाळा केला तर मी वही फेकून देतो. शब्द नेमका लिहा, नाहीतर एखाद्याचा जीव जाईल, असं दरडावून सांगतो. आणि चपला घालता घालता मी स्वतः घरातला ढिला शब्द वापरला होता. माझी बायको तो जसाच्या तसा तमिळमध्ये घेऊन गेली, आणि तिथे त्याचा अर्थ ओरखडा एवढाच होता.

मी त्याला विचारलं की आता ती कडी ओळखू येईल का. त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला की सगळ्याच नव्या करायच्या तर दोन आठवडे लागतील. आमच्याकडे तीन दिवस होते.

घरी आलो तर लेक आईपाशी बसून पडवळ चिरत होती. दोघी हसत होत्या. तिच्यासमोर मी काय सांगणार होतो? डॉक्टरांनी बजावलं होतं की तिच्या मनावर ताण येऊ देऊ नका. मी दोरखंडाचा विषय काढला. म्हणालो, साखळ्यांपेक्षा जाड सुती दोर बांधू, फुलं गुंडाळली की छान दिसेल. बायको चाकूसकट माझ्याकडे वळली. ‘कीरलवाले, पुरे आतां. व्याही काय म्हणतील? विहिरीचा दोर आणून मुलीला टांगिली म्हणतील.’ लेक हसली. पण जरा उशिराने हसली.

बुधवारी मला परीक्षेचं काम टाळता येईना. दिवसभर मुलं सळया ओढत होती आणि मी प्रत्येक आवाजाला दचकत होतो. एक मुलगा मला म्हणाला, सार, तुम्हीच लावलीय ना ही. संध्याकाळी घरी पोचलो तर झोपाळा टांगलेला, आणि बायको दारात उभी, अशी खूश की बघत राहावं.

‘पॉलिशवाल्याला बोलावून टांगून घेतलें,’ ती म्हणाली. ‘आणि वर सहा पोतीं तांदूळ ठेविलीं. घंटाभर. वर मी हातानें हालविलें सुद्धां. कांहीं झालें नाहीं. आतां निजा सुखानें.’

पंचवीस किलोची सहा पोती. लेकीच्या दुपटीहून जास्त भार. कोणाही शहाण्या माणसाला एवढा पुरावा पुरला असता, आणि बायकोने तो माझ्यासाठी, माझ्या डोक्याला शांती मिळावी म्हणून, दुपारची झोप मोडून उभा केला होता. तिचे आभार मानायचे सोडून मी पुन्हा एकेक कडी बघत सुटलो. तडा गेलेल्या वस्तूवर जादा भार टाकला आणि ती टिकली, तर त्याचा अर्थ एवढाच की आज टिकली. त्या भाराने तडा आत आणखी सरकलेला असू शकतो. जितकी परीक्षा घ्याल तितकी ती वस्तू शेवटाच्या जवळ जाते. मी एकतीस वर्षं वस्तूंची परीक्षा घेतोय, आणि परीक्षेची एवढी भीती मला त्याआधी वाटली नव्हती.

‘ती बसली होती का यावर?’ मी विचारलं.

‘नाहीं. पाय दुखतात म्हणते. शुक्रवारींच बसत्यें म्हणते.’

गुरुवारी सकाळी लेक अंघोळीला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोने पाच तऱ्हेच्या भातांची तयारी काढली होती आणि चिंचेचा कोळ गाळत होती. मी तिला सांगितलं की ती कडी मोडणार. तिने वर न बघता विचारलं, कोळ्याचं जाळं मोडतं का. मी कीरल म्हणालो, खोल आहे म्हणालो, आत आहे म्हणालो. ती हं हं करत राहिली. मला राग आला, तिचा नाही, त्या शब्दाचा. मग मी म्हणालो, ‘कीरल नाहीं ती. विरिसल. विरिसल आहे.’

तिचा हात भांड्यात तसाच थांबला. आमच्या घरात हा शब्द त्याआधी कोणी उच्चारला नव्हता. रस्त्यावर, बाजारात, तमिळमध्ये आम्ही तो हजारदा वापरला असेल, पण या ओट्याजवळ तो परका होता, आणि परका होता म्हणूनच तो तिला नेमका ऐकू गेला.

‘मग पहिल्याच दिवशीं असें कां नाहीं म्हटलें?’ ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. ‘मी त्याच्या हातीं देऊन कीरल म्हणाल्यें. मीच घांसून घेतली ती.’

‘तूं नाहीं. मी.’

‘आणि मी पोतीं ठेविलीं.’ तिने हात पदराला पुसला आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. पन्नाशी उलटलेली दोन माणसं चिंचेच्या कोळापाशी उभी राहून रडत होती, आणि मागून लेकीचा आवाज आला.

‘फळी खालीं ठेवा.’

ती ओल्या केसांनी दारात उभी होती. किती ऐकलं होतं ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, ‘साखळ्या काढा आणि फळी जमिनीवर ठेवा. मी त्यावर बसत्यें.’

‘अगे, पण झोपाळा म्हणजे...’ बायकोने सुरुवात केली.

‘मज झुलायचें नाहीं, अम्मा. आल्यापासून सांगायचें म्हणत्यें. तूं साखळ्या इतक्या हौसेनें घांसून आणिल्यास, म्हणून बोलल्यें नाहीं.’ मग ती खाली बघून म्हणाली, ‘सात महिने झाले, मी कशावरच धड बसत नाहीं. खुर्चीवर सुद्धां आधीं हात टेकून पाहत्यें.’

मी तीन दिवस तिच्यापासून लपवत होतो, आणि ती आमच्यापासून लपवत होती. घरात सगळ्यांत घाबरट मीच आहे, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी फळी कोलमच्या रांगोळीच्या मधोमध जमिनीवर ठेवली, चार कोपऱ्यांना झेंडू लावला. बायकोने व्याह्यांना सांगितलं की आमच्याकडे अशीच रीत आहे, आणि इतक्या ठामपणे सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. बायकांनी झोपाळ्याची गाणी म्हटली. फळी हलत नव्हती, म्हणून त्याच बसल्या जागी डुलत होत्या. बांगड्या भरताना लेकीच्या सुजलेल्या हातावर एक हिरवी बांगडी कट्कन गेली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि बायको लगेच म्हणाली, वाढली, वाढली. मी मात्र काचेचे ते दोन तुकडे उचलून खिशात टाकले. बघितले नाहीत. तेवढं मला त्या दिवशी नको होतं.

शनिवारी सकाळी साखळ्या पिशवीत घालून मी कॉलेजात गेलो. सुट्टी होती, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. एकेक कडी दोन खिळ्यांमध्ये अडकवून मशीनवर ओढायला घेतली. चांगली पितळ, चांगलं काम. एकामागून एक कड्या लांबोळक्या होत गेल्या, अंड्यासारख्या, मग काकडीसारख्या, पण मोडायला तयार नव्हत्या. वीस झाल्या. पंचवीस झाल्या. माझ्या मनात आलं की हेही कोळ्याचं जाळंच निघणार, आणि बायकोला मी उगाच रडवलं. असं झालं तर किती बरं होईल, असंही वाटलं.

सत्ताविसावी कडी आवाजसुद्धा न करता गेली. काटा जेमतेम हलला होता. एका बाजूला ती सरळ तुटली आणि आकड्यासारखी उघडी पडली. जराही लांबली नव्हती.

मी ती खिडकीशी नेली. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ सगळा भाग तपकिरी होता, जुन्या डागासारखा, कितीतरी वर्षांचा. एका कडेला तेवढी पिवळीधमक ताजी पितळ होती, आत्ताच तुटलेली. कापून टाकलेल्या नखाएवढी असेल, जास्त नाही. कडीची ती बाजू एवढ्याशावर उभी होती.

मला आधी सहा पोती आठवली. मग मला ते दोन महिने आठवले. तपकिरी भाग तीन वर्षांचा नव्हता, त्याहून फार जुना होता. तेव्हाही शाबूत पितळ एवढीच असणार, किंवा जराशी जास्त. आणि लेक रोज दिवसभर त्यावर बसत होती.

कडी लपवावी असं वाटेत अनेकदा मनात आलं. घरी आलो तर लेक अजून जमिनीवरच्या त्या फळीवर, भिंतीला पाठ लावून बसली होती, दोन्ही हातांत बांगड्या. बायको बाजारात गेली होती. लेकीने हात पुढे केला. मी कडी दिली. तिने ती फिरवली, आणि न सांगताच तिला समजलं, पिवळ्या कडेवर तिने आपलं नख ठेवून बघितलं.

‘तेंव्हां मी ह्याच्यावर बसत होत्यें?’

‘होय.’

तिने नख कडेवरून काढलं. मग म्हणाली, ‘आणि तुम्हीं मागून ढकलत होतां.’

त्या दोन महिन्यांत तिच्यासाठी मी केलेली ती एकच गोष्ट होती.

तिने कडी बाजूला ठेवली. प्रसूतीला अजून दोन महिने आहेत, आणि या दोन महिन्यांची कुठलीही चाचणी माझ्याकडे नाही. ठोकून ऐकता येत नाही, रॉकेल लावता येत नाही. मी तसाच उभा होतो. एकाएकी तिने माझं मनगट धरलं, मला खाली बसवलं आणि म्हणाली, ‘हालतें आहे. हात ठेवा.’

मी हात ठेवला, पण भार दिला नाही. तळवा नुसता कपड्याला टेकला होता. तिला ते कळलं. तिने स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबला.

‘नीट ठेवा कीं, अप्पा,’ ती म्हणाली. ‘मोडत नाहीं मी.’